भन्ते संघरक्षित : बाबासाहेबांना भेटलेला इंग्रज भिक्खू, कवी आणि लेखक

महास्थवीर संघरक्षित (२६ ऑगस्ट १९२५ – ३० ऑक्टोबर २०१८) हे इंग्लंडमध्ये जन्मलेले बौद्ध भिक्खू, कवी, लेखक आणि आज 'त्रिरत्न बौद्ध महासंघ' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चळवळीचे संस्थापक. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ते तीन वेळा भेटले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाची बातमी नागपुरात पोहोचली त्या दिवशी ते नागपुरात होते. आपल्या विहारांमध्ये त्यांचे नाव बहुतेकांच्या कानावर असते, पुणे आणि नागपूरच्या कार्यकर्त्यांच्या घरी त्यांचा फोटोही दिसतो. पण हा माणूस मुळात कवी होता आणि आपल्या इतिहासातल्या एका फार नाजूक आठवड्याचे लेखी वर्णन त्याने करून ठेवले आहे, हे तरुणांना क्वचितच माहीत असते. दुसऱ्या टोकाला, इंटरनेटवर त्यांचे नाव शोधणाऱ्याच्या समोर आधी त्यांच्यावरचे आरोप येतात. या लेखात दोन्ही बाजू मांडल्या आहेत.

लंडनचा आजारी मुलगा

त्यांचे मूळ नाव डेनिस फिलिप एडवर्ड लिंगवुड. जन्म दक्षिण लंडनमधला, घर टूटिंग या वस्तीत, कुटुंब साधे कष्टकरी. आठव्या वर्षी डॉक्टरांनी हृदयाचा आजार असल्याचे सांगितले आणि मुलाला सुमारे दोन वर्षे बिछान्यावर पडून राहावे लागले. शाळा सुटली, खेळ सुटले, हाताशी राहिली ती पुस्तके. मुलांसाठीच्या ज्ञानकोशाचे खंड वाचता वाचता त्याला ग्रीक, रोमन, चिनी आणि भारतीय संस्कृतींची ओळख झाली. पुढे कॉलेजचे तोंड न पाहिलेल्या या माणसाने जे काही शिकले ते असेच, स्वतःच्या वाचनातून.

कविता तो लहानपणापासूनच करत होता. वयाच्या सोळाव्या वर्षी वज्रच्छेदिका प्रज्ञापारमिता सूत्र आणि चिनी आचार्य हुइ-नेंग यांचे सूत्र इंग्रजीतून वाचनात आले. आपण बौद्ध आहोत आणि कायमच होतो, असे तेव्हाच लक्षात आल्याचे ते पुढे सांगत. कोणी दीक्षा दिली नाही, कोणी प्रचारक भेटला नाही. त्यानंतर लंडनच्या बुद्धिस्ट सोसायटीत त्यांचे जाणे-येणे सुरू झाले.

दुसऱ्या महायुद्धात सक्तीची लष्करभरती झाली. सिग्नल दलातला हा जवान १९४४ मध्ये भारतात आला, मग श्रीलंका, मग सिंगापूर. युद्ध संपल्यावर मायदेशी न जाता तो भारतातच राहिला. ऑगस्ट १९४७ मध्ये, देश स्वतंत्र होत असतानाच, कसौलीला त्याने एका बंगाली मित्रासोबत भगवी वस्त्रे घेतली आणि घर, नाव, ओळखीची कागदपत्रे सगळे मागे टाकून अनागारिक म्हणून पायी हिंडायला सुरुवात केली. राज्यकर्त्या देशाचा एक गोरा तरुण पायात चप्पल नसताना दक्षिण भारतात भिक्षा मागत फिरत होता.

१२ मे १९४९ रोजी, वैशाख पौर्णिमेला, कुशीनगर येथे भदंत ऊ चंद्रमणी यांनी त्यांना श्रामणेर दीक्षा दिली आणि 'संघरक्षित' हे नाव मिळाले. ऊ चंद्रमणी म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांना त्रिशरण-पंचशील देणारे तेच महास्थवीर. म्हणजे एकाच गुरूकडून सात वर्षांच्या अंतराने लंडनचा हा तरुण आणि आपले बाबासाहेब या दोघांनी धम्माचे शरण घेतले. भिक्खू म्हणून उपसंपदा नोव्हेंबर १९५० मध्ये सारनाथला झाली. त्याआधी काही महिने त्यांनी बनारसला भिक्खू जगदीश काश्यप यांच्याकडे पाली आणि अभिधम्माचा अभ्यास केला होता. १९५० मध्ये काश्यपजी त्यांना घेऊन कालिम्पोंगला गेले आणि इथेच राहून बौद्ध धम्मासाठी काम कर, असे सांगून एकटेच परत आले. संघरक्षित तिथे चौदा वर्षे राहिले.

कवी आणि भिक्खू एकाच चिवरात

कालिम्पोंग हे हिमालयाच्या कुशीतले गाव. समोर कांचनजंगा, बाजारात तिबेटी व्यापारी, पुढे तिबेटमधून आलेले निर्वासित लामा. तिथे त्यांनी तरुणांसाठी बौद्ध संघटना काढली, एक लहानसे मासिक चालवले, १९५७ मध्ये विहार उभा केला. १९५४ पासून कोलकात्याच्या 'महाबोधी' मासिकाच्या संपादनाचे कामही केले. त्याच वर्षी बंगळुरूला दिलेल्या व्याख्यानांतून 'अ सर्व्हे ऑफ बुद्धिझम' हा त्यांचा जाडजूड ग्रंथ तयार झाला, जो १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. थेरवाद, महायान आणि वज्रयान यांच्याकडे एकाच झाडाच्या फांद्या म्हणून पाहणारे हे पुस्तक तिशीच्या आसपासच्या, पदवी नसलेल्या माणसाने लिहिले आहे, यावर वाचताना विश्वास बसत नाही.

याच काळात त्यांच्या आत एक भांडण चालू होते. ते स्वतः त्याचे वर्णन दोन संघरक्षितांची लढाई असे करतात. पहिल्याला डोंगर बघत बसायचे होते, कविता वाचायच्या आणि लिहायच्या होत्या. दुसऱ्याला तत्त्वज्ञानाचे ग्रंथ पचवायचे होते, शील काटेकोर पाळायचे होते, धम्माचे काम उभे करायचे होते. एकदा या दुसऱ्याने पहिल्याच्या कवितांच्या दोन वह्या जाळून टाकल्या. त्यानंतर मात्र दोघांनी एकमेकांना आपापली जागा दिली. संघरक्षितांनी आत्मकथनात हा प्रसंग काहीशा विनोदाने सांगितला आहे, पण जळालेल्या वह्या काही परत आल्या नाहीत.

भिक्खूने कविता लिहावी की नाही, हा प्रश्न थेरवादी वातावरणात त्यांना वारंवार ऐकावा लागे. खरे तर उत्तर त्रिपिटकातच आहे. 'थेरगाथा' आणि 'थेरीगाथा' हे भिक्खू-भिक्खुणींच्या कवितांचेच संग्रह आहेत. वंगीस नावाचा भिक्खू उत्स्फूर्त काव्यात सर्वांत पुढे होता आणि स्वतः भगवंतांनी त्याची ही प्रतिभा मान्य केली होती. आंबेडकरी चळवळीतल्या माणसाला तर हा प्रश्नच पडू नये. वामनदादा कर्डकांची गाणी नसती तर बाबासाहेबांचा विचार खेड्यापाड्यांत पोहोचायला किती वर्षे लागली असती? आपल्याकडे कवी हा चळवळीचाच कार्यकर्ता असतो. संघरक्षितांना मात्र कविता आणि धम्म एकत्र राहू शकतात हे आधी स्वतःला पटवावे लागले, मग त्यांनी 'द रिलिजन ऑफ आर्ट' या निबंधातून ते जगाला सांगितले. सौंदर्याचा अनुभव माणसाला त्याच्या 'मी'च्या बाहेर काढतो आणि म्हणून तो धम्माच्या वाटेवरचा असू शकतो, असा त्यांचा साधारण मुद्दा आहे.

त्यांचा 'मेसेंजर्स फ्रॉम तिबेट' हा कवितासंग्रह १९५४ मध्ये आला. पुढे 'द एन्चांटेड हार्ट' (१९७८), 'काँकरिंग न्यू वर्ल्ड्स' (१९८६), 'हर्क्युलीस अँड द बर्ड्स' (१९९०) आणि १९४१ ते १९९४ या काळातल्या कवितांचा एकत्रित ग्रंथ १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. कविता म्हणून त्यांचा दर्जा काय? माझे मत असे की सुरुवातीच्या कविता यमकात बांधलेल्या, जुन्या इंग्रजी रोमँटिक वळणाच्या आहेत. ज्या काळात इंग्रजी कविता ते वळण सोडून कधीच पुढे गेली होती, त्या काळात ते तसे लिहीत राहिले, म्हणून इंग्लंडच्या साहित्यवर्तुळाने त्यांची फारशी दखल घेतली नाही. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'वर (१९७२) वाढलेल्या आपल्या तरुणाला त्या फार सोवळ्या, फार मऊ वाटतील. तिथे रस्ता नाही, भूक नाही. पण नंतरच्या, मुक्त वळणाच्या छोट्या कवितांत एकटेपणा आणि मित्रांची ओढ उघडी पडते, त्या थांबून वाचाव्यात अशा आहेत. माझ्या मते त्यांचे खरे सामर्थ्य गद्यात, विशेषतः आत्मकथनात आहे. 'द थाउजंड-पेटल्ड लोटस', 'फेसिंग माउंट कांचनजंगा', 'इन द साइन ऑफ द गोल्डन व्हील' या पुस्तकांत १९४० आणि १९५० च्या दशकांतला भारत एखाद्या कादंबरीसारखा दिसतो.

बाबासाहेबांच्या तीन भेटी

१९५० च्या 'महाबोधी'च्या वैशाख अंकात बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्याच्या धम्माचे भवितव्य' हा गाजलेला इंग्रजी लेख छापून आला. तो वाचून संघरक्षितांनी त्यांना पत्र लिहिले. बाबासाहेबांनी उत्तर पाठवले आणि त्यात भिक्खूंच्या जबाबदारीवर बोट ठेवले. पंचवीस वर्षांच्या अनोळखी भिक्खूला देशाच्या कायदामंत्र्याने दिलेले ते उत्तर होते.

पहिली भेट १९५२ च्या अखेरीस मुंबईत, दादरच्या 'राजगृह'वर झाली. संघरक्षित मुंबईला आले होते ते एका वेगळ्याच कामासाठी. राज कपूर बौद्ध विषयावर एक चित्रपट काढण्याच्या विचारात होते आणि त्यासाठी त्यांना एका भिक्खूचा सल्ला हवा होता. तो चित्रपट काही झाला नाही, पण ही भेट झाली. बाबासाहेबांनी स्वागताचे चार गोड शब्द बोलण्याऐवजी थेट प्रश्न टाकला : तुमच्या महाबोधी सोसायटीचा अध्यक्ष बंगाली ब्राह्मण कसा? तेव्हा श्यामाप्रसाद मुखर्जी सोसायटीचे अध्यक्ष होते. ती सोसायटी आपली नाही आणि हा प्रकार आपल्यालाही पसंत नाही, हे संघरक्षितांना खुलासा करून सांगावे लागले. मगच बोलणे पुढे सरकले. बाबासाहेबांचा तो कठोर सूर संघरक्षितांनी लपवलेला नाही, म्हणून त्यांच्या वर्णनावर माझा विश्वास बसतो. सारसोळे-नेरूळच्या वाचकांना ते ठिकाण काही लांब नाही. हार्बरने कुर्ला, तिथे गाडी बदलून दादर, आणि हिंदू कॉलनीपर्यंत चालत.

दुसरी भेट १९५५ च्या अखेरीस मुंबईतच झाली. तेव्हा धर्मांतराचा निर्णय झालेला होता, तो कसा अमलात आणायचा यावर चर्चा झाली. बौद्ध होण्यासाठी नेमके काय करावे लागते, त्रिशरण-पंचशील कोणाकडून घ्यावे, असे विषय निघाले.

तिसरी भेट नोव्हेंबर १९५६ मधली, दिल्लीत २६ अलीपूर रोडवर. दीक्षा होऊन काही आठवडेच झाले होते. बुद्धजयंतीच्या २५०० व्या वर्षानिमित्त भारत सरकारचे पाहुणे म्हणून आलेल्या सीमाभागातील बौद्ध प्रतिनिधींसह संघरक्षित तिथे गेले. बाबासाहेब अंगणातल्या उन्हात टेबलाशी बसले होते, प्रकृती इतकी ढासळली होती की डोके टेबलावर टेकत होते. पाहुण्यांनी निघायचे ठरवले तरी ते संघरक्षितांना सोडेनात. हळू आवाजात, थांबत थांबत, धम्मकार्याबद्दल बोलत राहिले. त्या भेटीतून एक मोठे ओझे आपल्या खांद्यावर आल्याची जाणीव संघरक्षितांना झाली.

६ डिसेंबर १९५६, नागपूर

पुढच्याच महिन्यात संघरक्षित नागपूरला आले. नवदीक्षित बौद्धांनी त्यांना बोलावले होते. स्टेशनवर मोठी गर्दी स्वागताला होती. मुक्कामी पोहोचून थोडाच वेळ झाला आणि बातमी आली : बाबासाहेब गेले.

लाखो लोकांनी धम्म स्वीकारून जेमतेम सात-साडेसात आठवडे झाले होते. विहार नव्हते, भिक्खू नव्हते, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथही अजून छापून आला नव्हता. आता पुढे काय, हा प्रश्न त्या दिवशी प्रत्येक घरात होता. संध्याकाळी कस्तुरचंद पार्कवर शोकसभा झाली. व्यासपीठ वगैरे काही नव्हते. कार्यकर्ते एकामागून एक बोलायला उभे राहत आणि रडू अनावर होऊन खाली बसत. संघरक्षित एका रिक्षाच्या सीटवर उभे राहिले, कोणीतरी समोर माइक धरला. त्यांच्या अंदाजाने समोर एक लाख लोक होते. बाबासाहेब आपल्यातून गेलेले नाहीत, त्यांनी सुरू केलेले काम तुम्हीच पुढे न्यायचे आहे, असे त्यांनी सांगितले.

पुढचे चार दिवस ते नागपूरच्या वस्त्यावस्त्यांमधून फिरले. चाळीसहून अधिक भाषणे झाली आणि सुमारे तीस हजार लोकांना त्यांनी धम्मदीक्षा दिली, असे त्यांनी नोंदवले आहे. हे आकडे त्यांचे स्वतःचे आहेत हे लक्षात ठेवूनही, त्या चार दिवसांचे महत्त्व कमी होत नाही. पण त्या दिवसांचे श्रेय एकट्या पाहुण्याला देणे मला पटत नाही. रडत रडत सभा बोलावणारे, रिक्षा उभी करणारे, माइक धरणारे, वस्तीत रात्री कंदील लावून लोकांना गोळा करणारे आपलेच लोक होते. त्यांची नावे इंग्रजी पुस्तकात फारशी आली नाहीत. आपण लिहिली असती तर आली असती.

त्यानंतरची काही वर्षे, १९६४ मध्ये इंग्लंडला जाईपर्यंत, थंडीच्या दिवसांत ते कालिम्पोंगहून खाली उतरत आणि मुंबई, पुणे, नागपूर, अहमदाबादच्या वस्त्यांमध्ये व्याख्याने देत. चाळीच्या गल्लीत, पेट्रोमॅक्सच्या उजेडात, दिवसभर गिरणीत किंवा रेल्वेत राबून आलेल्या लोकांसमोर शील म्हणजे काय, ध्यान कसे करायचे हे ते समजावून सांगत.

इंग्लंड, आणि पुन्हा महाराष्ट्र

लंडनच्या हॅम्पस्टेड विहारात त्यांना प्रमुख म्हणून बोलावण्यात आले होते, पण तिथल्या विश्वस्तांशी पटले नाही आणि दोन वर्षांतच ते पद गेले. १९६७ मध्ये त्यांनी स्वतःची चळवळ सुरू केली आणि एप्रिल १९६८ मध्ये पहिल्या स्त्री-पुरुषांना दीक्षा देऊन संघ स्थापन केला. भिक्खू आणि उपासक अशी उतरंड या संघात नाही. बुद्ध, धम्म, संघाला मनापासून शरण जाणे हे मुख्य, घरात राहता की विहारात हे दुय्यम, असा त्यांचा सिद्धान्त. त्यामागे त्यांनी बाबासाहेबांचा दाखला दिला आहे. नागपूरला बाबासाहेबांनी ऊ चंद्रमणींकडून शरण-शील घेतले आणि लगेच वळून समोरच्या लाखोंना स्वतःच दीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञा दिल्या. गृहस्थाने धम्मदीक्षा देणे ही बौद्ध जगातली विलक्षण घटना होती आणि तिचा अर्थ फार थोड्या भिक्खूंनी ओळखला, असे ते म्हणत.

१९७७ मध्ये त्यांचे इंग्रज शिष्य लोकमित्र योग शिकायला पुण्याकडे निघाले होते. वाटेत नागपूरला उतरले तो दिवस नेमका धम्मदीक्षेच्या एकविसाव्या वर्धापनाचा निघाला. दीक्षाभूमीवरचा जनसागर पाहून पुढच्या वर्षी ते कायमचे पुण्यात राहायला आले. १९७९ मध्ये संघरक्षित स्वतः आले, भारतातील पहिल्या धम्मचारी दीक्षा झाल्या आणि 'त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण' उभा राहिला. दापोडीचा महाविहार, भाजे लेण्यांजवळचे शिबिरकेंद्र, 'बहुजन हिताय'ची वसतिगृहे, नागपूरचे नागलोक हा त्याचा पुढचा विस्तार. २०१० मध्ये जगभर 'त्रिरत्न' हे नाव घेतले गेले.

आक्षेप

या चळवळीवर आपल्याकडे दोन आक्षेप घेतले जातात. एक, ती ध्यान-शिबिरांत तरुणांना गुंतवते आणि जातिअंताच्या राजकीय लढ्यापासून लांब ठेवते. दुसरा, पैसा आणि मार्गदर्शन दोन्ही इंग्लंडहून येते. दुसऱ्या आक्षेपात मला पूर्वीइतका दम दिसत नाही, कारण काम चालवणारे आता बहुतांशी इथलेच धम्मचारी-धम्मचारिणी आहेत. पहिल्यात तथ्य आहे. रस्त्यावरच्या मोर्चात ही मंडळी संस्था म्हणून क्वचितच दिसतात. उलट बाजूने, मोर्चा संपल्यावर व्यसनात आणि गटबाजीत हरवलेले किती कार्यकर्ते आपण पाहिले, तेही मोजायला हवे.

तिसरा विषय जास्त गंभीर आहे. १९७० आणि ८० च्या दशकात इंग्लंडमध्ये संघरक्षितांनी आपल्या काही तरुण पुरुष शिष्यांशी लैंगिक संबंध ठेवले. १९९७ मध्ये 'द गार्डियन' या दैनिकाने हे प्रकरण उघड केले. त्यांचे काही शिष्य पुढे म्हणाले की गुरूच्या वजनापुढे आपल्याला नाही म्हणता आले नाही आणि त्याची इजा अनेक वर्षे राहिली. डिसेंबर २०१६ मध्ये, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, संघरक्षितांनी झालेल्या दुःखाबद्दल लेखी खेद आणि पश्चात्ताप व्यक्त केला. अनेकांना तो फार उशिरा आला आणि अपुरा वाटला. प्रश्न त्यांच्या समलैंगिकतेचा नाही, तो आपण चर्चेत आणूही नये. प्रश्न आहे गुरू आणि शिष्य यांच्यातल्या विषम सत्तेचा. कालामसुत्त सांगणाऱ्या धम्मात गुरूला प्रश्न विचारायला इतकी वर्षे का लागली? आपल्याकडच्या काही व्याख्यानांत हा भाग वगळून त्यांचे चरित्र सांगितले जाते. ते चुकीचे आहे. ज्यांना इजा झाली ते लोकही या चरित्राचाच भाग आहेत.

वाचायला सुरुवात कुठून करावी

२००० च्या सुमारास त्यांनी चळवळीची सूत्रे ज्येष्ठ शिष्यांच्या मंडळाकडे सोपवली. नंतर दृष्टी अधू होत गेली तरी लेखन थांबले नाही, सांगून लिहून घेत राहिले. ३० ऑक्टोबर २०१८ रोजी इंग्लंडमधील हेरफर्ड येथे वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. जवळच्याच 'अधिष्ठान' या केंद्रात त्यांची समाधी आहे.

त्यांच्या समग्र साहित्याचे सत्तावीस खंड आहेत. त्यांतले नववा आणि दहावा हे दोन खंड पूर्णपणे बाबासाहेब आणि भारतातील धम्मक्रांती या विषयाला वाहिलेले आहेत. तरुण कार्यकर्त्यांनी सुरुवात 'आंबेडकर अँड बुद्धिझम' (१९८६) पासून करावी. पुस्तक छोटे आहे, इंग्रजी सोपे आहे, आणि तिन्ही भेटींचे व नागपूरच्या त्या आठवड्याचे वर्णन त्यातच आहे. वाचन मंडळात घ्यायचे असेल तर ते प्रकरण आधी घ्यावे, नंतर धर्मांतराकडे नेणारे टप्पे. शेवटचे, बाबासाहेबांनंतरच्या काळावरचे प्रकरण आज वाचताना ठिकठिकाणी वाद घालावासा वाटतो, तेव्हा त्यासाठी वेगळा दिवस ठेवलेला बरा. मग आत्मकथनाचे खंड. कविता ज्याला इंग्रजी कवितेची गोडी आहे त्याने घ्याव्यात, आणि मागच्या पानांपासून पुढे याव्यात.